एकेचाळीस नांगे

जनकाबाईच्या शेतात नांगा सापडला तर मिशी उतरवीन, असं गावातला संतराम एकदा चारचौघांत बोलला होता आणि त्याची मिशी अजून शाबूत होती. ज्वारी असो की कापूस, ओळीत कुठं बियाणं उगवलं नाही, नांगा पडला, की आठव्या दिवशी बाई खुरपं घेऊन हजर. मोकळ्या जागी माती उकरायची, दोन दाणे टाकायचे, टाचेनं दाबायचं आणि पुढं सरकायचं. नांगा ठेवणारी आणि ताटात उष्टं टाकणारी बाई सारखीच, असं तिची आई म्हणायची. सिद्धेश्वरच्या कालव्याच्या शेपटाला अडीच एकर जमीन, त्यातलाही एक कोपरा चुनखडीचा. अशा जमिनीत रिकामी जागा ठेवून कुणाला परवडतं?

हा गुण होता. पुढं जे झालं ते या गुणामुळंच झालं. अवगुणानं माणूस फसतं ते सगळ्यांना माहीत असतं, गुणानं फसलेलं मात्र कुणाच्या ध्यानात येत नाही.

हिंगोली जिल्हा झाला त्या सालच्या जूनमध्ये तिची पोरगी दीक्षा परभणीहून दोन कापडी पिशव्या घेऊन आली. एका पिशवीच्या तोंडाला लाल दोरा, दुसरीच्या पांढरा. दोन्हींत ज्वारी. मूठभर इकडची आणि मूठभर तिकडची घेऊन पाहिली तर सख्ख्या बहिणींसारखी. दीक्षा विद्यापीठात एम.एस्सी. करत होती. घरातली, भावकीतली, खरं तर गल्लीतली एवढी शिकणारी ती पहिलीच पोरगी. तिचे बाबा ग्यानोबा तिच्या समोर मांडी घालून बसले आणि ती वहीचा कागद फाडून रेघा मारायला लागली.

"ह्या लाल दोऱ्याची ज्वारी वांझ हाय, बाबा. कणीस येतं, फुलोरा येतो, पण पिवळी भुकटी उडत न्हाई. नराचा गुणच न्हाई तिच्यात."

"मंग दाणा कसा भरतो?"

"शेजारच्या ओळीतली भुकटी वाऱ्यानं येती. पांढऱ्या दोऱ्याची. ती फळती हाय. पण वांझ ज्वारीचा दाणा पुन्हा पेरला की पुन्हा वांझच निघती."

"काहून?"

दीक्षाला हाच प्रश्न आवडायचा. ती पुढं सरकली. "झाडाच्या अंगात डोळ्याला दिसत न्हाईत एवढ्या बारीक चुली असत्यात. त्यांच्यावर झाडाची सगळी ताकद शिजती. ह्या चुली बापाकडून येत न्हाईत, आईकडूनच येत्यात. वांझ ज्वारीच्या चुलीत एक प्रथिन येगळं बनतं, असं सर म्हणतात. ते मला हुडकायचंय. ते घावलं, तर झाड वांझ का होतं ते कळंल. संकरित बियाणं सगळं ह्याच्यावरच बनतं, बाबा."

तासभर ती सांगत राहिली. मधल्या चार ओळी लाल, दोन्ही कडेला दोन-दोन पांढऱ्या. आजूबाजूला दुसरी ज्वारी नको. ग्यानोबा माना डोलावत होते, अर्धं कळत होतं, अर्धं पोरीच्या तोंडाकडं बघण्यात जात होतं. जनकाबाई तीन हातांवर, खऱ्या चुलीपाशी, भाकरी थापत होती. तिला कुणी काही सांगितलं नाही. तिला काय सांगायचं, तिला शेतातलं सगळं येतं, असं दोघांनीही धरून चाललं. चुली आईकडून येतात एवढं तिच्या कानावर पडलं आणि तिला ते बरं वाटलं.

शेजारच्या बांधाचे खाजा मिया दरसाली तिथं ज्वारीच घ्यायचे. त्यांच्या दोन म्हशी कडब्यावर जगायच्या. दीक्षा आणि ग्यानोबा त्यांच्या दारात गेले. खाजा मियांनी सगळं ऐकून घेतलं, दाढी खाजवली.

"माझ्या ज्वारीनं बेटीच्या ज्वारीला तकलीफ होती म्हणता?"

"वाऱ्यानं भुकटी येती, चाचा."

"मंग कापूस लावतो. म्हशींचं तुमी बघा, ग्यानबा."

"माझा सगळा कडबा तुमचा," ग्यानोबा म्हणाले. एवढ्यावर काम झालं. माणसाचा शब्द असा सरळ मिळतो तेव्हा तो फार जड असतो, आणि जनकाबाईला ते वजन सगळ्यात जास्त जाणवायचं.

पेरणी टोकून केली. दीक्षानं दोरीला वीत-वीतभर अंतरावर गाठी मारल्या, गाठीपाशी दोन दाणे. लाल पिशवी रिकामी झाली, पांढरीत ओंजळभर उरलं. दुसऱ्या दिवशी ती परभणीला गेली. मग आठ दिवस आभाळ नुसतं तोंड दाखवून जात होतं. ऊन पडलं, मातीला पापडी आली, आणि मधल्या चार ओळींत, चुनखडीच्या बाजूला, जागोजाग मोकळं राहिलं.

नवव्या दिवशी सकाळी जनकाबाई खुरपं आणि पांढऱ्या दोऱ्याची पिशवी घेऊन बांधावर आली. पोरीचं पीक. पोरीच्या पिकात नांगे राहिले तर सर काय म्हणतील? आईबापाला एवढंही आलं नाही म्हणतील. ती वाकली ती ओळ संपेपर्यंत सरळ झाली नाही. कंबरेत कळ यायची तिथं मूठ दाबून धरायची आणि पुढं सरकायची. चार ओळी भरून झाल्या तेव्हा पिशवी रिकामी होती आणि शेत पाटीवर ओढलेल्या रेघांसारखं दिसत होतं. तिला फार समाधान वाटलं. ती घरी आली, पिशवी धुऊन दोरीवर वाळत घातली आणि ही गोष्ट सांगण्यासारखी आहे असं तिच्या मनातही आलं नाही. भांडी घासली हे कुणी सांगतं का?

गावात बातमी पसरायला वेळ लागला नाही. संतराम पारावरून ओरडायचा, "ग्यानोबा, वांझ ज्वारी कशी हाय? ओटी भरून आणायची का तिची?" लोक हसायचे. ग्यानोबाही हसल्यासारखं करायचे आणि पायातल्या वहाणेकडं बघत पुढं जायचे. घरी येऊन पाण्याचा तांब्या जरा जोरात ठेवायचे, एवढंच.

भादव्यात कणसं पोटरीतून, वरच्या पानाच्या गुंडाळीतून, बाहेर पडली. दीक्षा आठ दिवसांची सुट्टी काढून आली. रोज सकाळी दव असताना ती ओळीत शिरायची, एकेक कणीस तळहातावर झटकायची. कडेच्या ओळींत तळहात पिवळा व्हायचा. मधल्या ओळींत तळहात कोरा. नुसती सुकलेली, पांढुरकी टरफलं. बाहेर पडलेलं एकही कणीस तिनं सोडलं नाही. जी कणसं अजून पोटरीत होती, ती तिला मागास वाटली. चुनखडीतली झाडं, उशीर करणारच. आठव्या दिवशी परीक्षेचा निरोप आला आणि ती दुपारच्या बसनं औंढ्यावरून परभणीला गेली. मागास कणसं ती गेल्यावर बाहेर पडली आणि त्यांची पिवळी भुकटी गुपचूप उडून गेली. ते बघायला तिथं फक्त मधमाश्या होत्या.

दसऱ्यानंतर ग्यानोबांनी मधल्या ओळींची कणसं वेगळी कापली, वेगळी बडवली, आणि नऊ-दहा किलो दाणा पोत्यात भरून स्वतः एस.टी.नं परभणीला पोचवला. कडबा खाजा मियांच्या गोठ्यात गेला.

जानेवारीत दीक्षा घरी आली ती एकच पिशवी घेऊन. गादी, भांडी मागून येतील म्हणाली. जेवताना तिनं पिशवीतून एक फोटो काढून भिंतीला टेकवला. पांढरट कागदावर काळसर आडव्या पट्ट्या, शिडीच्या पायऱ्यांसारख्या.

"हे फळत्या ज्वारीच्या चुलीतल्या प्रथिनांचं," तिनं बोट ठेवलं. "इथं खाली एक रेघ. वांझ ज्वारीत ती रेघ खाली नको, थोडी वर पायजे. माझ्या वांझात वर बी हाय आन् खाली बी हाय. तीनदा केलं. तिन्ही येळा खालची रेघ आलीच. फिक्की, पण हाय."

"मंग?" ग्यानोबांनी विचारलं.

"सर म्हणतात, तू एका नळीतलं दुसऱ्या नळीत सांडवलंस. म्हणले, हात साफ न्हाई तुझा." तिनं घास ताटातच फिरवला. "सगळ्यांसमोर म्हणले. हे बारीक काम तुला जमणार न्हाई, सोपा विषय घे. मी आता घेतच न्हाई काही. औंढ्यात एका शाळेत जागा हाय."

ज्या पोरीनं आठ दिवस दवात, अडीचशे झाडांतून फिरून, एकेक कणीस तळहातावर झटकलं, तिला हात साफ नाही म्हणणं फार वाईट होतं. ग्यानोबांनी ताट बाजूला सारलं. जनकाबाई मात्र त्या फोटोकडं बघत राहिली. वांझाच्या ओळीत फळत्याची रेघ. फळत्याची रेघ तिथं आली कुठून? तिच्या हातातला भाकरीचा तुकडा तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी मायलेकी खाजा मियांचा कापूस वेचायला गेल्या. शेवटची वेचणी, बोंडं कडक, बोटांची टोकं सोलून निघत होती. खाजा मियांची बायको खतीजाबी दोन ओळी पलीकडं होती. अर्धी ओळ झाल्यावर जनकाबाई थांबली. पोटाशी बांधलेल्या ओटीत कापूस भरलेला होता, ती दोन्ही हातांनी धरून ती म्हणाली, "दीक्षा, ते नांगे मी भरले होते."

"कोनचे नांगे?"

"तुह्या ज्वारीतले. मधल्या वळीतले. पांढऱ्या पिशवीतलं उरलं होतं, त्यानं."

दीक्षाला कळायला थोडा वेळ लागला. मग ती ओळीतून आईसमोर आली. "पांढऱ्या? फळतं बी, वांझाच्या वळीत?"

"मला काय ठावं. ज्वारी ती ज्वारी."

"माय, मला काहून सांगितलं न्हाई?"

"तू मला काहून सांगितलं न्हाई?" जनकाबाईचा आवाज चढला नाही. "बापाला तासभर सांगत बसलीस. मी तिथंच होते. भाकरी करून राहिले होते."

खतीजाबी वेचता वेचता थांबली आणि पुन्हा वेचायला लागली. दीक्षा वळून सरळ पुढं निघाली. अख्खी ओळभर ती बोंडं नुसती ओरबाडत गेली. तिला राग आला होता, आणि राग कुणाचा ते नीट कळत नव्हतं म्हणून तो जास्तच होता. ओळीच्या टोकाला बांधावर पोचल्यावर ती उभी राहिली. मग परत आली, जवळजवळ पळत.

"किती होते नांगे?"

"एकेचाळीस."

"नक्की?"

"न्हाई तर काय. चुनखडीकडल्या वळीत अठरा, तिच्या लगतच्या वळीत तेरा, मंग सात, आन् शेवटच्या वळीत तीन. वळीतला पहिला नांगा कुठं होता ते बी सांगते."

"अडीचशेत एकेचाळीस," दीक्षा पुटपुटली. "सहात एक." ती आईच्या ओटीवर हात ठेवून उभी राहिली. "म्हणून फिक्की हाय ती रेघ. माय, म्हणून फिक्की हाय. मी काही सांडवलं न्हाई."

ती रडत होती आणि हसत होती. जनकाबाईला दोन्हींतलं काय धरावं ते समजेना. तिनं पदरानं तिचं तोंड पुसलं. "उद्या मी येते तुह्या सरांकडं," ती म्हणाली.

"तू काहून? मी सांगते."

"तू सांगितलं तर बहाणा म्हणतील. चूक मी केली, मीच सांगीन."

परभणीची बस गच्च भरलेली होती. जनकाबाई नवं लुगडं नेसली होती आणि वहाणा हातात घेऊन बसली होती, एका वहाणेचा अंगठा तुटला होता. प्रयोगशाळेच्या दारात तिनं त्या तशाच भिंतीशी ठेवल्या. आत फरशी थंड होती. एका काळ्या कापडानं झाकलेल्या कपाटात दीक्षानं तिला अंधारात उगवलेली ज्वारीची रोपं दाखवली. घटाला उगवतात तशी फिक्कट पिवळी, हिरवा ठिपकासुद्धा नाही.

"ह्यालाच बर्फावर वाटायचं. त्यातून त्या चुली येगळ्या काढायच्या," दीक्षा हळूच म्हणाली.

"बर्फावर चुली," जनकाबाई म्हणाली. तेवढ्यात सर आले.

सर चांगले माणूस होते, पण घाईतले. आई आली म्हणजे गयावया करायला आली, असं त्यांनी गृहीत धरलं. खुर्ची पुढं केली, घड्याळ बघितलं. "बाई, मुलगी हुशार आहे. पण हे काम..."

"जयभीम सर. पोरीचा हात साफ हाय," जनकाबाई उभ्यानंच म्हणाली. "माझा न्हाई. तुमच्या वांझ ज्वारीत फळतं बी मी लावलं."

सरांनी घड्याळ बघायचं थांबवलं. तिनं सगळं सांगितलं. पापडी कशी आली, पिशवी कोणती, खुरपं कसं चालवलं. काही लपवलं नाही, काही वाढवलं नाही. दीक्षा मान खाली घालून उभी होती.

"पण फुलोऱ्यात दीक्षानं एकेक झाड तपासलं होतं ना?"

"मागून लावलेलं मागून फुलतं, सर," जनकाबाई म्हणाली. तिला वाटलं, एवढं शिकलेल्या माणसाला हेही सांगावं लागतं. "तवा ती इकडं परीक्षेला आलती."

"किती झाडं लावलीत तुम्ही?"

"एकेचाळीस."

"सहा महिने झाले. आकडा कसा ध्यानात राहिला?"

"तुमी पोरांची हजेरी घेता, तसं."

सरांनी खणातून तोच फोटो काढला, खिडकीपाशी नेला, चष्मा कपाळावर सरकवून खूप जवळून बघितला. कागदावर काहीतरी आकडेमोड केली. मग दीक्षाकडं वळले. "मी त्या दिवशी सगळ्यांसमोर बोललो."

"व्हय सर."

"उद्या सगळ्यांसमोरच सांगतो. तुझी पट्टी बरोबर होती. मातीत जे झालं होतं तेच तिनं दाखवलं." त्यांनी शीतपेटीतून एक लहान बाटली काढली, तीत लाल चिठ्ठीची ज्वारी होती. "उन्हाळी पेरणी जमेल? कालव्याचं पाणी आहे?"

त्यांनी हे विचारलं जनकाबाईला.

"पाळी येती आमाला. जमवू," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "सर, ह्या वेळी काय काय करायचं न्हाई ते मला सांगा."

तासभर सर तिला सांगत बसले. घड्याळ त्यांनी बघितलं नाही.

जानेवारी संपता संपता तेच वावर पुन्हा टोकलं. कालव्याची पाळी पहाटे सुटायची आणि शेपटाला पोचेपर्यंत तिचा जीव उरायचा नाही. ग्यानोबा आणि खाजा मिया फावडी घेऊन पाटावर उभे राहायचे, फुटलेला कड दाबायचे. खाजा मियांनी बांधावर ह्याही खेपेला ज्वारी घेतली नाही. जनकाबाईला त्यांच्यासमोर मान वर होत नव्हती. एके दिवशी तिनं बोलून टाकलं, "खाजाभाई, तुमचं एक साल माह्यामुळं वाया गेलं."

"वाया कसं? तुमच्या कडब्यावर म्हशींनी दूध दिलं, ते बी वाया म्हणता का?" ते म्हणाले आणि फावड्यावरची माती झटकली.

ह्याही वेळी चुनखडीच्या बाजूला नांगे पडले. पंचवीसेक. जनकाबाई आठव्या दिवशी बांधावर आली, सवयीनं खुरपं घेऊनच आली. बराच वेळ उभी राहिली. तिच्या बोटांना अक्षरशः खाज सुटत होती. ओळीत मोकळी जागा, पाणी देऊनही मोकळी, आणि तिनं ती तशीच बघायची. शेवटी खुरप्यानं बांधावरचं हराळीचं गवत खरवडून काढलं आणि घरी आली. असं तिनं आठ दिवस केलं. बांध इतका स्वच्छ कधीच झाला नव्हता.

ज्वारी कमरेएवढी झाली तसे नांगे लांबूनही दिसायला लागले. संतराम मुद्दाम रस्ता सोडून बघायला आला.

"जनकाबाई, तुमचं शेत बोळकं झालं की. आता माह्या मिशीचं काय?"

"ठेवा तुमची मिशी," ती म्हणाली. "नांगे पडलेले न्हाईत. ठेवलेत."

"ठेवलेत? कशापाई?"

"तुमाला तासभर बसावं लागंल. सांगते."

संतराम बसला नाही. पण त्या दिवसापासून त्यानं वांझ ज्वारीची चेष्टा कमी केली. कदाचित तासभर बसावं लागेल या भीतीनं असेल.

एप्रिलमध्ये फुलोरा आला तेव्हा दीक्षाबरोबर जनकाबाईही ओळीत शिरली. एका बाजूनं लेक, दुसऱ्या बाजूनं माय. कणीस झटकायचं, तळहात बघायचा. उन्हाळी ज्वारी, गावात दुसरं हिरवं काही नाही, पाखरं तुटून पडायची. डबडं वाजवून हाकलायची आणि पुन्हा ओळीत शिरायचं. दीक्षा परत गेली तरी जनकाबाई जात राहिली, शेवटचं कणीस फुलून सुकेपर्यंत. तिचा तळहात कोराच राहिला. रोज संध्याकाळी ती तो ग्यानोबांना दाखवायची आणि ते हातात हात घेऊन, निरखून, "कोरा हाय," असं म्हणायचे. लग्नाला पंचवीस वर्षं झाली होती, एवढ्या वेळा त्यांनी तिचा हात कधी धरला नव्हता.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात दीक्षा आली. ग्यानोबा तिफण ठोकत ओसरीवर बसले होते, त्यांच्याजवळ न थांबता ती सरळ आत, चुलीपाशी गेली. आईसमोर मांडी घालून बसली आणि पिशवीतून फोटो काढला. आज एक नाही, दोन.

"हा बघ. ह्यात मी मुद्दाम मिसळलं. पाच भाग वांझ, एक भाग फळतं. तुह्या एकेचाळीस नांग्यांएवढं. बघ, खालची फिक्की रेघ. पहिल्यासारखी, सेम टू सेम. सरांनी सगळ्यांना बोलावून दाखवली."

जनकाबाईनं पिठाचा हात मागं घेतला, फोटोला लागू नये म्हणून. "आन् हा?"

"हा तुह्या उन्हाळी ज्वारीचा. निव्वळ वांझ."

जनकाबाईनं मान वाकवली. शिडीच्या पायऱ्या तशाच होत्या. वरची रेघ ठळक, काळीभोर, काजळाच्या बोटानं ओढावी तशी. तिच्या खाली, जिथं तिची फिक्कट रेघ उमटायची, तिथं काहीच नव्हतं. स्वच्छ मोकळी जागा. ती त्या जागेकडं बघत राहिली.

"इथं आता काही न्हाई?"

"न्हाई माय. काही न्हाई."

"राहू दे मंग हा नांगा तसाच," जनकाबाई म्हणाली, आणि तव्यावरची भाकरी उलटली. दीक्षा उठली नाही. पुढं काय करायचं ठरलंय, ते ती आईला पहिल्यापासून सांगायला लागली.